घड्याळजींना पटवण्याचा व्हिडिओ

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. साल पक्कं आठवायचं कारण, त्याच साली सार्वजनिक वाचनालयाच्या मोठ्या दालनातलं लंबकाचं घड्याळ दुरुस्तीसाठी खाली उतरवलं होतं. भिंतीवर त्याच्या जागी एक फिकट, लांबट डाग उरला होता. जुने वाचक सवयीने मान वर करून त्या डागाकडे बघत आणि वेळ कळल्यासारखे पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत.

घड्याळ आलं ते अर्थातच घड्याळजींकडे. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक लंबकाचं घड्याळ त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. पुढे बाक, भिंग, चिमटे आणि भिंतभर घड्याळं. मध्ये एक पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि काकू. काकू म्हणजे घड्याळजींची बायको. वयाच्या तिशीपासून अख्खी इमारत त्यांना काकूच म्हणत आली, त्यामुळे त्यांचं खरं नाव बहुधा फक्त मतदारयादीला ठाऊक होतं.

आता लंबकाच्या घड्याळाचं एक आहे. ते नीट झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. टिक आणि टॉक यांच्यामध्ये सारखं अंतर पडायला हवं. एक पाऊल लांब आणि एक आखूड पडायला लागलं की घड्याळजी म्हणत, "लंगडतंय." लंगडं घड्याळ आज चालतं, उद्या चालतं आणि परवा पाहुण्यांसमोर बंद पडतं. म्हणून काम संपलं की ते डोळे मिटून, मान तिरकी करून पेटीला कान लावत, आणि ठोका बरोबर पडला की "हं" म्हणत. त्या एका "हं"वर गिऱ्हाईक निश्चिंत घरी जाई.

गेली दोन वर्षं ते कान लावत होते आणि "हं"ही म्हणत होते, फक्त मधलं ऐकणं बंद झालं होतं. हे त्यांना कळलं नव्हतं असं म्हणावं तर ते इतके भोळे नव्हते, आणि कळलं होतं म्हणावं तर तसं कबूल करणारे नव्हते. त्यांचं म्हणणं, हल्ली लोकांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा येतो. दाराशी येणाऱ्यांनाही घंटा नीट दाबायचा कंटाळा येतो. मुलाचा फोन आला की ते दोन मिनिटं "हो, हो, बरोबर" म्हणत आणि फोन काकूंकडे देत, का तर लाइन खराब आहे. लाइन काकूंच्या हातात आली की लगेच सुधारायची.

स्वयंपाकघरात एक घड्याळ होतं. घड्याळजी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या उस्तादांनी लग्नात दिलेलं. तबकडीवरच्या सातच्या आकड्याखाली चीर होती. ते त्यांनी दोन महिन्यांपूर्वी उतरवून साफ केलं, कान लावला, "हं" म्हणाले आणि परत टांगलं. त्या दिवसापासून ते लंगडत होतं. काकूंना कणीक मळताना ते बोचायचं. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. पायात खडा घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मागोमाग दिवसभर चालावं, तसं.

त्यात एके सकाळी ग्रंथपालबाई येऊन सांगून गेल्या की आठ आठवड्यांनी दालन पुन्हा उघडायचं आहे, तेव्हा घड्याळ जागेवर हवं. "तुमच्याशिवाय कोणाला हातही लावू देणार नाही," असंही म्हणाल्या. काकू पडद्यामागे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ते दालन आलं. दोनशे माणसं, टाचणी पडली तर दहा जण वळून बघतील अशी शांतता, आणि त्या शांततेत वरून एक लांब, एक आखूड. एकेक मान वर होते आहे. आणि खाली, दालनाच्या मधोमध, घड्याळजी समाधानाने "हं" म्हणताहेत.

कान तपासा म्हणून सांगून सगळे थकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाने सांगितलं, थोरल्या बहिणीने तर हुकूमच सोडला. घड्याळजींवर फक्त एका गोष्टीचा परिणाम होई, ती म्हणजे मोबाइलवर येणारा व्हिडिओ. चष्मा कपाळावरून नाकावर ओढून ते रोज सकाळी तासभर व्हिडिओ बघत आणि त्यात जे सांगितलं असेल ते त्याच दिवसापासून अमलात आणत. गुडघ्यांसाठी उलटं चालावं असं आलं, तेव्हा ते आठवडाभर इमारतीच्या आवारात पाठमोरे हिंडले आणि एकदा सोसायटीच्या सचिवांना पायरीवरून खाली घेऊन गेले. बायकोने चाळीस वर्षांत सांगितलेलं काही त्यांनी इतक्या निष्ठेने केलं नव्हतं.

तेव्हा काकूंच्या डोक्यात आलं, की व्हिडिओच करावा.

---

सून एका जाहिरात कंपनीत कामाला होती. असे व्हिडिओ कसे असावेत ते लिहून काढणं हेच तिचं काम. मुलगा कामानिमित्त परगावी आणि सून या गावात, त्यामुळे ती दर शनिवार-रविवार सासरी येत असे. काकूंनी तिला विचारलं तेव्हा ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने सरळ वही उघडली आणि विचारलं, "आई, आपला प्रेक्षक कोण?"

"पुढच्या खोलीत बसलाय," काकू म्हणाल्या.

मग तिने प्रेक्षकाचं वय, आवडीनिवडी, तो कशाला भितो, कशाने विरघळतो, हे सगळं विचारलं. काकूंना वाटलं होतं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. पण माणूस कशाने विरघळतो इथे त्या अडकल्या. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनी लिहायला सांगितलं, की आपल्या स्क्रू-ड्रायव्हरला दुसऱ्याने हात लावला की भितात, आणि कुणी "तुमच्याशिवाय नाही" म्हटलं की विरघळतात.

हे गुपित दोघींत ठेवायचं होतं. पण स्वयंपाकघरात दोन बायका हळू आवाजात बोलू लागल्या की तिसरी आपोआप येते. तिसरी म्हणजे वन्सं, घड्याळजींच्या थोरल्या भगिनी. दोन घरं सोडून राहायच्या. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात. ज्या काळात फोन लागत नसत, त्या काळात त्या "लागणार नाही" हे इतक्या गोड आवाजात सांगत, की पलीकडचा माणूस आभार मानून फोन ठेवी. त्यांच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे विमाकाका आले. ते साखर मागायला आले होते, ती वाटी पुढचे पाच आठवडे आमच्याचकडे राहिली असं काकू नंतर सांगत. विमाकाकांनी जन्मभर विमा विकला. ज्याला मरणाचा विचार करायचा नाही त्याला चहा पितापिता तो करायला लावायचा, हा त्यांचा व्यवसाय. पटवण्याच्या कलेत आपल्यापुढे कोणी नाही, असं त्यांचं नम्र मत होतं.

सुनेने नियम सांगितला. माणूस व्हिडिओ बघायचा की पुढे सरकवायचा, हे पहिल्या तीन सेकंदांत ठरवतो.

या तीन सेकंदांवर तीन आठवडे गेले. वन्संनी पहिला मसुदा आणला तो अकरा पानांचा. त्यात सुरुवातीला नमस्कार, मग श्रोत्यांचं कुशल, मग कानाची रचना बाहेरून आत क्रमाने. सुनेने मोबाइलवर वेळ लावून त्यांना वाचायला सांगितलं. नुसत्या नमस्कारातच तीन सेकंद संपले. वन्सं म्हणाल्या, नमस्कार न करता बोलायला सुरुवात करणं हे रस्त्यावर कुणाचा हात धरण्यासारखं आहे. सून म्हणाली, आत्या, नेमकं तेच करायचंय. वन्सं दोन दिवस आल्या नाहीत.

विमाकाकांचा मसुदा एका ओळीचा होता. पाठमोरा माणूस, मागून ट्रक, आणि अंधार. "पुढे काही बोलायचंच नाही," ते समाधानाने म्हणाले. "भीती एकदा बसली की सही करायला पेन तोच मागतो." काकूंनी विचारलं की ट्रक कुठून आणायचा. विमाकाका म्हणाले, तपशील नंतर बघू.

आणि हे सगळं चाललं होतं कुजबुजत. कारण पडद्यापलीकडे घड्याळजी बसलेले. वन्सं जरा आवाज चढवायला लागल्या की काकू ओठांवर बोट ठेवत. विमाकाकांना शिंक आली तर ते ती पदरात दाबायला काकूंकडे बघत. चार शहाणी माणसं तीन आठवडे अशा माणसापासून आवाज लपवत होती, ज्याला ऐकू येत नाही एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता. हे एकाच्याही लक्षात आलं नाही. लपवायचं म्हटलं की माणूस हळू बोलतो, त्यात विचार कसला.

शेवटी काकूंनी एका दुपारी जुन्या कॅलेंडरची पानं फाडली आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आपलं आपण लिहिलं. सुनेने ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाली, "हेच बोला. यातलं काही बदलू नका."

---

व्हिडिओ घ्यायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. वन्संच्या घरासमोर रस्ता खोदत होते. विमाकाकांच्या घरी त्यांची बायको होती, आणि तिला या उद्योगातलं काहीही कळता कामा नये अशी विमाकाकांची इच्छा होती. राहिली गच्ची. गच्चीची किल्ली सचिवांकडे. उलट्या चालण्याच्या प्रकरणापासून सचिव या कुटुंबाशी लेखी बोलत.

त्यांनी अर्ज मागितला. काकूंनी अर्ज दिला. चित्रीकरणाचा हेतू काय, असा कागद परत आला. काकूंनी लिहिलं, "जनजागृती." जनजागृती म्हणजे बाहेरचे लोक बघणार, म्हणजे ते सार्वजनिक झालं, आणि सार्वजनिक कामासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो, असं तिसऱ्या कागदात आलं. काकूंनी शुद्ध मनाने कळवलं की प्रेक्षक फक्त एकच आहे. त्यावर सचिवांनी विचारलं, की एकाच माणसासाठी असेल तर त्याला समोर बसवून सांगायला काय अडचण आहे. हा प्रश्न काकूंच्या जिव्हारी लागला, कारण त्याला उत्तर नव्हतं. त्यांनी गच्चीचा नाद सोडला आणि स्वयंपाकघरातच करायचं ठरवलं. पडद्यापासून सात हातांवर, अर्थातच कुजबुजत.

घड्याळजींनी ओळखू नये म्हणून काकू पाठमोऱ्या बसल्या. वन्संचा एक पोपटी स्कार्फ डोक्यावरून घेतला. सुनेने मोबाइल डब्यांच्या फळीला टेकवला. काकू कॅलेंडरच्या पानांवरून वाचत गेल्या, हळू, अगदी हळू. वन्सं दाराशी पहाऱ्याला होत्या. आपल्याला एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं असं त्यांनी मागाहून सांगितलं. पण एकतीस वर्षं तारेतली खरखर ऐकलेला तो कान होता. सुनेने तो व्हिडिओ कानात इयरफोनचे बोळे घालून, आवाज शेवटपर्यंत वाढवून नीट कापला-जोडला, आणि तिलाही स्वच्छ ऐकू आलं. तिने विचारलं होतं, खाली मोठी अक्षरं टाकू का. विमाकाका म्हणाले, अक्षरं टाकली की सरकारी सूचना वाटते, आवाजात काय तो जिव्हाळा. हे विमाकाकांचं एकमेव मत, जे कोणी खोडलं नाही.

कंपनीच्या नियमामुळे सुनेला स्वतःच्या नावाने काही चढवता येत नव्हतं, म्हणून खातं काकूंच्या नावाने उघडायचं ठरलं. जन्मसाल निवडायला एक चाक फिरवायचं होतं. काकूंनी ते फिरवलं, चाक घसरलं आणि दोन हजार सातवर थांबलं. यंत्राने काकूंना अकरा वर्षांची मुलगी ठरवलं आणि नम्रपणे कळवलं की पालकाची परवानगी घेऊन या. दुरुस्ती करायला गेलं तर ओळखपत्राचा फोटो मागे, आणि फोटो दिला तर म्हणे हे ओळखपत्र मुलीच्या आजीचं दिसतं. शेवटी वन्संनी पालक म्हणून संमती दिली. भावजयीला वळण लावायची त्यांची जुनी हौस होती, ती अशी कागदोपत्री पुरी झाली.

---

व्हिडिओ रविवारी सकाळी चढला. सुनेने तो इमारतीच्या गटावर टाकला. पडद्याच्या फटीतून काकू बघत होत्या. घड्याळजींनी चष्मा खाली ओढला, फोन पुढे धरला आणि सहा मिनिटं मन लावून सगळा व्हिडिओ बघितला. बघून झाल्यावर ते ताठ बसले. खांदे मागे घेतले. आणि भराभर बोटं चालवायला लागले.

जेवताना त्यांनी सांगितलं, की आज एक फार चांगला व्हिडिओ आला. पाठीच्या कण्याबद्दल. एक बाई सहा मिनिटं पाठ कशी सरळ ठेवायची ते बसून दाखवते. "तू बघ तो," ते म्हणाले. "तू फार वाकून बसतेस."

त्यांनी तो चाळीस जणांना पाठवला होता, वर लिहून: पाठदुखीवर उत्तम माहिती, जरूर पाहा.

काकूंनी भात वाढला. व्हिडिओ फसला याचं त्यांना दुःख होतंच. पण चाळीस वर्षांची बायको पाठीवरून ओळखू येऊ नये म्हणून पोपटी स्कार्फ गुंडाळावा, आणि ती खरोखरच ओळखू येऊ नये, याने त्या अधिक दुखावल्या.

इथवर निदान गोष्ट घरात होती. पण त्या चाळीस जणांनी पुढे पाठवला, त्यांच्या चाळीसांनी त्यांच्यापुढे. लोक पाठीचा उपाय म्हणून उघडत, तर बाई ओठातल्या ओठात काहीतरी सांगतेय. आवाज वाढवला तरी नीट कळेना. मधूनच एखादा शब्द लागे: कान, तपासणी, उशीर. आणि मग प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकली, की बाकीच्यांना ऐकू येतंय आणि आपल्याला येत नाही. कारण आपल्याला ऐकू आलं नाही, हे कोणी कबूल करीना. विमाकाकांच्या बायकोने तो तीनदा बघितला आणि शेजारणीला म्हणाली, किती छान सांगितलंय ना. शेजारीण म्हणाली, अगदी मनाला भिडलं. आणि दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी एकाच कानाच्या दवाखान्यात उतरल्या.

पंधरा दिवसांत व्हिडिओ तीस हजारांवर गेला. सून गोंधळून गेली. इतकी वर्षं ती लोकांना पटवण्याचे नियम शिकवत होती, आणि त्यातला एकही न पाळलेल्या व्हिडिओने अर्धं गाव दवाखान्यात नेऊन बसवलं होतं. सचिवांनी सूचनाफलकावर कागद लावला, की व्हिडिओचा सोसायटीशी संबंध नाही. त्यांच्या कानात त्या वेळी कापूस होता, कारण ते आदल्याच दिवशी तपासून आले होते.

आणि वाचनालय उघडायला दहा दिवस उरले होते. मोठं घड्याळ पुढच्या खोलीत जुळून तयार झालं. घड्याळजींनी डोळे मिटले, मान तिरकी केली, कान लावला. काकू पडद्यामागून ऐकत होत्या. एक लांब, एक आखूड.

"हं," घड्याळजी म्हणाले.

---

त्या व्हिडिओचा प्रसार आपण केला असा घड्याळजींना अभिमान होता. म्हणून रोज सकाळी ते त्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचत, आणि चांगलं काही असलं की काकूंना वाचून दाखवत. एक दिवस ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातच येऊन बसले आणि हसत म्हणाले, "लोकांना काय काय दिसतं बघ. हा लिहितो, बाई काय म्हणतात ते कळलं नाही, पण मागचं घड्याळ लंगडतंय. ही म्हणते, आवाज पूर्ण वाढवला तर नुसती टिकटिक ऐकू आली, एक पाऊल लांब, एक आखूड, डोकं उठलं. हा तिसरा. घड्याळ दुरुस्त करा. हा चौथा लिहितो, हे घड्याळ ज्याने दुरुस्त केलं त्याला ऐकू येतं का."

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"कोण्या अडाण्याने हात घातला असेल," घड्याळजी म्हणाले. "बघू दे कुठलं घड्याळ आहे." त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं. पोपटी स्कार्फच्या बाजूला तबकडी आली. तबकडीवर सात. सातच्या खाली चीर.

त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. उठले, जवळ गेले, कान लावला. नेहमीसारखे डोळे मिटले. पण "हं" आलं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं पेटीच्या लाकडावर टेकवली, आजारी माणसाची नाडी बघावी तशी, आणि बोटांना काय लागतंय ते बघत उभे राहिले. काकू त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. त्या बोटांना खोटं बोलता येत नव्हतं.

"किती दिवस लंगडतंय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून सांगितलं, "साडेतीन महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्ही हो, हो म्हणालात."

घड्याळजी खाली बसले. चहा निवून गेला. त्यांनी विचारलं ते एवढंच, की बाहेरचं मोठं घड्याळही का. काकूंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते बघून काकूंना वाटलं, की ट्रक बरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कानाच्या दवाखान्यात गेली. आणि तिथे काकूंनी आपल्या कर्तृत्वाची रांग डोळ्यांनी पाहिली. जिन्यावरून खाली, पानाच्या ठेल्यापर्यंत. घड्याळजींचा नंबर त्रेचाळीसावा. पुढे बेचाळीस माणसं बसली होती, सगळी ताठ पाठीने. साडेतीन तास दोघं थांबली, आणि आपल्याच व्हिडिओमुळे आपण खोळंबलोय हे काकूंना सांगताही येईना. तपासणाऱ्या बाई वैतागलेल्या होत्या. म्हणाल्या, पंधरा दिवसांत तीनशे कान तपासले, सगळे ठणठणीत. पहिल्यांदाच खरा पेशंट आलाय. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी घड्याळजींशी हात मिळवला.

यंत्र सहाव्या दिवशी मिळालं. ते लावून घड्याळजी दुकानात शिरले आणि दारातच उभे राहिले. भिंतभर घड्याळं होती, त्यांतली निम्मी लंगडत होती. त्यांनी चप्पलही काढली नाही, बाकावर बसले आणि पहिलं उतरवलं. वाचनालयाचं घड्याळ दालन उघडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी जागेवर टांगलं गेलं. मोकळ्या दालनात घड्याळजींनी कान लावला. ग्रंथपालबाईंनी वाट बघितली. घड्याळजींनी "हं" न म्हणता मागे वळून काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "हं."

---

त्या उन्हाळ्यातच त्यांनी काकूंना विचारलं, की त्या व्हिडिओत तू बोलत काय होतीस. काकूंनी कॅलेंडरची पानं जपून ठेवली होती. ओट्याजवळ उभं राहून त्यांनी ती वाचली, या वेळी चांगल्या खणखणीत आवाजात. त्यात लिहिलं होतं, की आमच्या घरी एक माणूस आहे, सगळे हसले की तो एक क्षण उशिरा हसतो. त्या एका क्षणात तो आमचे चेहरे वाचत असतो. मला त्याचा तो क्षण बघवत नाही. मी दिवसभर त्याच्याशी बोलते आणि तो दिवसभर हो म्हणतो, आणि नाही म्हणणारा माझा नवरा मला परत हवा आहे. कान तपासून घ्या. घड्याळजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं की तिसऱ्या पानावर जरा लांबलंय.

पुढे सुनेची नोकरीत बढती झाली. या व्हिडिओवर तिने कंपनीत भाषण दिलं, आणि तो का चालला हे तिलाही ठाऊक नसल्यामुळे ते तासभर चाललं. वन्सं ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या. त्या संकेतस्थळाच्या दफ्तरी त्या अखेरपर्यंत एका अल्पवयीन मुलीच्या पालक होत्या, आणि ती जबाबदारी आपण नीट पार पाडली असं त्या म्हणत. विमाकाका ट्रक शोधताहेत, असं त्यांची बायको सांगते. सचिवांनी सचिवपद सोडलं आणि गुडघ्यांसाठी उलटं चालायला लागले. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या, तरी घड्याळाखालच्याच खुर्चीवर येऊन बसतात.

काकूंची मात्र एक पंचाईत झाली. दोन वर्षांत त्यांना ओट्यापाशी मनातलं सगळं मोठ्याने बोलायची सवय लागली होती. सासरबद्दल, वन्संबद्दल, आणि मुख्य म्हणजे पडद्यापलीकडच्या माणसाबद्दल. ती मोडायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात पडद्यापलीकडून बरेचदा "नाही" असं उत्तर आलं.

व्हिडिओ अजून आहे. त्याखाली अजून कोणी ना कोणी लिहितं, घड्याळ दुरुस्त झालं का. घड्याळजी प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहितात, की झालं, आता दोन्ही पावलं सारखी पडतात. आणि कोणी विचारलंच, की या बाई नेमकं म्हणतात तरी काय, तर त्यालाही ते प्रामाणिकपणे लिहून कळवतात, "कान तपासून घ्या." त्यावर काही लोक रागावतात. रागावण्यासारखं काय आहे, ते घड्याळजींना अजून कळलेलं नाही.